बोडी वॉर्डाचे जवाई

देवाजी निमगडे यांनी उभ्या आयुष्यात एकही चोर पाहिला नव्हता, पण चंद्रपुरातले चोर कुठे राहतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते बोडी वॉर्डात राहतात. हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा, कारण बोडी वॉर्ड ही त्यांची सासुरवाडी होती. बायको तिथून आणली, साळा लटारू तिथेच राहतो, जीभ चाळवली की स्कूटर आपोआप तिकडे वळते, हे सगळं ठीक. पण वस्ती वाईट म्हणजे वाईट. नात्याची आणि गुन्हेगारीची गल्लत करू नये, असं त्यांचं मत होतं.

हे ज्ञान त्यांना कुणी दिलं, हे विचारण्यात अर्थ नाही. या शहरात ते कोळशाच्या धुळीसारखं हवेतच असतं आणि देवाजींनी धूळ आणि ज्ञान दोन्ही छातीत भरपूर भरून घेतलं होतं. ब्रह्मपुरीकडच्या खेड्यातला हा पोरगा, लहानपणी मोहाच्या झाडावरून पडून डावा पाय बाहेर फेकत चालणारा. शिकला, वीजकेंद्रात लागला आणि ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये त्याचा देवाजीसाहेब झाला. साहेब कुणी म्हणत नसे, पण स्वतःला वाटायला कुणाची परवानगी लागत नाही.

ऊर्जानगर म्हणजे त्यांच्या लेखी पृथ्वीवरची सर्वांत सुरक्षित जागा. फाटकावर पहारा, रस्त्याला दिवे, शेजारीपाजारी सगळे पगारदार. आता दिवस मावळला की लेकरं घरात कोंडावी लागत, कुत्री एकेक करून बेपत्ता होत आणि मागच्या भिंतीवर बसून बिबट्या निवांत जांभया देताना बऱ्याच जणांनी पाहिला होता, हे खरं. पण बिबट्यावर गुन्हा दाखल होत नाही. त्यामुळे गुन्ह्यांच्या बाबतीत वसाहत धुतल्या तांदळासारखी होती.

बिबट्यापासून बचावायचे मार्ग ज्याने त्याने शोधले होते. पहाटे फिरायला निघालं की कुणी ताटली वाजवत जाई, कुणी मोबाईलवर मोठ्याने गाणी लावी. देवाजींचा उपाय त्यांच्या बहिणीने दिला होता. जंगलाला लागून असलेल्या तिच्या गावात प्लास्टिकचे मुखवटे वाटले होते. वाघ-बिबट मागून झडप घालतो, माणसाचं तोंड दिसलं की बिचकतो, म्हणून तो मुखवटा डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा. झुबकेदार मिशा, लाल ओठ, वटारलेले डोळे. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, त्यावर मागून हा मिशीवाला बांधून, हातात काठी घेऊन देवाजी वर्षानुवर्षं फिरले. ऊर्जानगरात कुणी हसलं नाही. तिथे पहाटेच्या वेळी शहाणं दिसण्यापेक्षा जिवंत परतण्याला मान होता.

निवृत्ती जवळ आली, क्वार्टर सोडायची वेळ झाली, तेव्हा देवाजींनी वस्त्यांची तुलना हाती घेतली. दर रविवारी स्कूटर काढायची, एखाद्या वॉर्डात जायचं, पानठेल्यावर उभं राहून विचारायचं, की इथे चोऱ्यामाऱ्यांचं कसं काय. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच. इथे काही नाही हो, सगळी सज्जन माणसं, चोर येतात ते पलीकडच्या वॉर्डातून. देवाजी पलीकडच्या वॉर्डात जात. तिथलाही पानठेलेवाला तितक्याच शपथेवर त्याच्याही पलीकडे बोट दाखवी. अशी बोटांमागून बोटं ओलांडत ते शहराला फेरी मारून पहिल्या पानठेल्यावर परत आले. याचा अर्थ शहरात चोर राहतच नाहीत, असा निघाला असता. पण देवाजींनी तो काढला नाही. त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरी करणारा त्यांचा मुलगा राजदीप याने तर बापाला एक वेबसाईटच शोधून दिली. कोणत्याही शहराचं नाव टाका, वस्त्यांना सुरक्षिततेचे तारे मिळालेले दिसतात. बोडी वॉर्डाला दोनच तारे होते. ते ज्यांनी दिले त्यांतल्या एकाची तक्रार वरातीच्या बँडबद्दल होती आणि दुसऱ्याला तिथे स्कूटर लावायला जागा मिळाली नव्हती. देवाजींनी अभिप्राय वाचले नाहीत, तारे पाहिले. शहराबाहेरच्या निसर्गदीप लेआउटला पाच तारे होते. ते कुणी दिले, तर प्लॉट विकणाऱ्याने. पण पाच म्हणजे पाच.

स्वतःच्या डोळ्यांनीही त्यांनी खात्री केली. निसर्गदीपमध्ये प्रत्येक खिडकीला जाळी, जाळीच्या आत काच, काचेच्या आत पडदा. गेटला कुलूप, दाराला कुलूप, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरा. बोडी वॉर्डात दारं सताड उघडी, खाटा बाहेर, सायकली भिंतीला टेकलेल्या आणि एकाच्या घरची किल्ली दुसऱ्याच्या खुंटीवर. यावरून कोणती वस्ती सुरक्षित, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, असं देवाजी म्हणाले.

हे ते मनकर्णाबाईंना म्हणाले, आणि अडचण तिथेच होती. मनकर्णाबाईंच्या वडिलांनी जाताना घराशेजारची मोकळी जागा लेकीच्या नावे केली होती. मधली भिंत लटारूची, समोर बुद्धविहार, मागे लहानपणच्या मैत्रिणी, त्याही आता आज्या झालेल्या. क्वार्टरमध्ये सारा जन्म गेला, आता आपल्या माणसांत घर बांधू, एवढंच बाईंचं म्हणणं होतं. देवाजींचं म्हणणं, की चोरांच्या गल्लीत मरायला कुणी जात नाही. दोघं बरेच दिवस एकमेकांशी भाजीत मीठ किती एवढंच बोलत होते. शेवटी ठरलं ते असं, की निसर्गदीपमध्ये आधी भाड्याने राहून पाहायचं. बुद्धपौर्णिमेपर्यंत बाईंना तिथे गमलं, म्हणजे करमलं, तर तिथेच प्लॉट घ्यायचा आणि वडिलांची जागा विकून टाकायची. नाही गमलं, तर बोडी वॉर्ड.

गमायला माणूस लागतो. निसर्गदीपमध्ये तो मोटारीच्या काचेआडून दिसे. पहिल्याच आठवड्यात मनकर्णाबाई कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळून शेजारी घेऊन गेल्या. गेटची घंटा दाबली, तर भिंतीतून आवाज आला, की कुरिअर असेल तर बाहेर ठेवा. बाईंनी बाहेर ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाटी गेटवर धुऊन ठेवलेली सापडली, पण ती धुणारा हात काही दिसला नाही. एकदा समोरच्या बाईंनी थांबून विचारपूस केली. आडनाव विचारलं, मग पुन्हा थांबल्या नाहीत.

"मले इथी गमत नाई जी," मनकर्णाबाई म्हणाल्या.

गमण्याचं सोड, चोरी तर होत नाही ना, असं म्हणून देवाजींनी विषय मिटवला. त्यांना स्वतःला फार गमत होतं असं नाही. पण सुरक्षित जागी गमत नाही म्हणणं त्यांना कृतघ्नपणाचं वाटे. पहाटेचं फिरणं मात्र त्यांनी सोडलं नाही. लेआउटच्या भिंतीपलीकडे नाला आणि झुडपं होती. जाहिरातीत त्यालाच निसर्गाचं सान्निध्य म्हटलं होतं. ऊर्जानगरात हाडं मुरलेल्या माणसाला त्या सान्निध्यात कोण बसलेलं असतं हे सांगावं लागत नाही. दुपट्टा, मिशीवाला आणि काठी बरोबर घेऊन ते उजाडायच्या आत निघत आणि उजाडताना परतत. लेआउट तेव्हा झोपलेलं असे. कॅमेरे जागे असत.

लेआउटचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्याचं नाव 'निसर्गदीप दक्षता'. भाडेकरूंना त्यात घेत नसत. देवाजींनी घरमालकाच्या मागे लागून त्याच्या जागी आपला नंबर घालून घेतला होता, तेव्हापासून ते तिथे एक नंबर म्हणून नांदत होते. ग्रुपचे आणि सुरक्षा समितीचे प्रमुख कुलदीपभाऊ, कोळशाच्या ट्रकांचे मालक. दारावर कोण भंगारवाला आला, कोणाच्या फाटकाशी अनोळखी पोरं उभी होती, हे सगळं तिथे येई आणि देवाजी प्रत्येक इशाऱ्याखाली हात जोडलेलं चित्र टाकत. त्यांना कुणी उत्तर देत नसे.

बुद्धपौर्णिमा जवळ आली होती. उन्हं तापली होती. एका दुपारी कुलदीपभाऊंनी ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला आणि खाली मजकूर लिहिला. चेहरा झाकलेला एक इसम रोज पहाटे लेआउटमध्ये शिरतो, हातात शस्त्र असतं, घरांची टेहळणी करतो, आणि विशेष म्हणजे कॅमेऱ्याला चकवण्यासाठी उलटा चालतो. टोळी सराईत दिसते. उद्या पहाटे बागेच्या कोपऱ्यावर आपली पोरं काठ्या घेऊन दबा धरतील, तरी कुणी दिवे लावू नयेत.

देवाजींचा डेटा सकाळीच संपला होता, मजकूर तेवढा कसाबसा येई-जाई. व्हिडिओवरचं चाक गरगर फिरत राहिलं, उघडलं काही नाही. पण व्हिडिओ पाहिल्याशिवाय मत देता येत नाही, असा काही नियम या देशात नाही. देवाजींनी चष्मा लावून, एकेक अक्षर दाबत लिहिलं, की अशा इसमास पोलिसांत देण्याआधी चांगला चोप द्यावा, म्हणजे जन्मभर लक्षात राहील. हे लोक बोडी वॉर्डाकडून येतात, अनुभवावरून सांगतो.

आणि चमत्कार झाला. एकामागून एक अंगठे वर आले. कुलदीपभाऊंनीही अंगठा दिला. सहा-सात महिन्यांत लेआउटने देवाजींकडे पहिल्यांदाच वळून पाहिलं होतं. ते मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि बायकोला अंगठे दाखवले. बाईंनी ते पाहिले आणि त्यांच्या वरचा बोडी वॉर्डही वाचला. मग त्यांनी पोळी उलटली.

संध्याकाळी लटारूचा फोन आला, तोही मनकर्णाबाईंच्या मोबाईलवर. बाईंनी ऐकून घेतलं आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"भाऊजी," लटारू म्हणाला, "तुमी उद्या सकाळी फिराले जाऊ नोका."

"काऊन?"

"तुमाले माराले बसून राह्यले ते लोक."

मग लटारूने सगळं सांगितलं. निसर्गदीपच्या फाटकावरचा पहारेकरी चैतू हा बोडी वॉर्डातलाच. सुरक्षित वस्त्यांना पहारेकरी कुठून मिळतात, हा विचार देवाजींनी कधी केला नव्हता. कुलदीपभाऊंनी चैतूला व्हिडिओ दाखवून, चोर आत येईपर्यंत झोपा काढतोस का, म्हणून चांगलं झाडलं होतं. चैतूने माणूस पहिल्या झटक्यात ओळखला. पण साहेब तापलेले, नोकरीवर गदा यायची, म्हणून तिथे तोंड न उघडता त्याने व्हिडिओ लटारूकडे पाठवला. लटारूकडून तो वॉर्डात फिरला. आतापर्यंत विहारातल्या म्हाताऱ्यांपासून न्हाव्यापर्यंत सगळे येऊन विचारून गेले होते, की आपल्या जवायाचा फोटो काऊन फिरून राह्यला, त्याचं काही बरंवाईट तर झालं नाही ना.

मनकर्णाबाईंच्या मोबाईलवर डेटा होता. दोघांनी व्हिडिओ पाहिला. अर्धवट उजेड, लांबचा कॅमेरा, अंधूक चित्र. दुपट्टा बांधलेला, वटारलेल्या डोळ्यांचा, मिशीवाला एक इसम कॅमेऱ्याकडे तोंड करून हळूहळू मागे मागे सरकत होता. हात पाठीशी बांधून काठी धरायची देवाजींची सवय, पण इथे ते हात पोटाशी काठी धरल्यासारखे दिसत होते. कुणीही घाबरलं असतं. देवाजीही क्षणभर घाबरले. मग त्या इसमाचा एक पाय बाहेर पडला, पुन्हा पडला, पुन्हा पडला.

"याच चालीनं मांडवात आले होते तुमी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "सारा वॉर्ड पाह्याले उभा होता."

एवढं बोलून त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मग त्या हसत नव्हत्या. इतके महिने आपला माणूस याच रस्त्याने याच पायाने चालतो आहे आणि एकालाही तो ओळखू आला नाही, हे त्यांच्या जिवाला फार लागलं होतं. देवाजींनी ग्रुपवरचा स्वतःचा मजकूर पुन्हा वाचला. चांगला चोप द्यावा. खाली अंगठे वाढतच होते.

त्यांना वाटलं, जाऊन सांगावं, हसून विषय संपेल. गैरसमज आहे, उद्या कुलदीपभाऊ स्वतःच थट्टा करतील. इस्त्रीचा शर्ट घालून ते कुलदीपभाऊंच्या बंगल्यापर्यंत गेले. घंटा दाबली. या खेपेला भिंतीतून आवाज आला नाही. कुलदीपभाऊ स्वतः अंगणात आले, पण गेटचं कुलूप काही काढलं नाही. गजांच्या आतून त्यांनी विचारलं, काय काम आहे.

देवाजींनी नाव सांगितलं. मागच्या गल्लीत राहतो म्हणाले. कुलदीपभाऊंनी भाड्याने का म्हणून विचारलं, आणि मग आडनाव पुन्हा विचारलं. देवाजींनी पुन्हा सांगितलं. ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ हात जोडणारा तो मीच, हेही सांगावंसं वाटलं, पण जीभ रेटली नाही. ते फक्त म्हणाले, की त्या व्हिडिओतल्या माणसाबद्दल बोलायला आलो आहे.

कुलदीपभाऊंचा चेहरा एकदम उजळला.

"ओळखता का त्याला? बोडी वॉर्डाचाच ना?"

देवाजींना आता फक्त खरं सांगायचं होतं. मुखवटा, बिबट्या, बहिणीचं गाव, मोहाचं झाड, सगळं ओठांवर आलं होतं. पण गजांच्या आतला तो माणूस उत्तराची वाट पाहत नव्हता. उत्तर त्याच्याजवळ होतं, त्याला फक्त मान डोलवणारा हवा होता. आणि तो मान डोलवणारा इतकी वर्षं आपणच होतो, हे देवाजींना तिथे उभ्याउभ्या कळलं. लाज वाटली. अशी लाज त्यांना पूर्वी कधी वाटली नव्हती.

"हो," देवाजी म्हणाले. "बोडी वॉर्डाचा जवाई आहे."

आम्हाला वाटलंच होतं, असं म्हणून कुलदीपभाऊंनी माहितीबद्दल आभार मानले आणि ते आत गेले.

लटारू ऑटो घेऊन फाटकावर आला तेव्हा पुरता अंधारही पडला नव्हता. सामान नंतर नेऊ, आधी माणसं नेऊ, असं त्याने फोनवरच ठरवून टाकलं होतं. चैतूने फाटक उघडलं आणि कुणी पाहत नाही असं पाहून देवाजींना जय भीम घातला. मनकर्णाबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. बुद्धपौर्णिमेला अजून अवकाश होता, पण कोणाला कुठे गमलं हा प्रश्न कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे निसर्गदीपच्या बागेत काठ्या घेतलेली मंडळी डासांना रक्त पाजत उजाडेपर्यंत बसली. कुणी आलं नाही. त्यानंतरही कुणी आलं नाही. ग्रुपवर संदेश झळकला, की समितीच्या दक्षतेमुळे सराईत टोळीने काढता पाय घेतला असून आपला लेआउट पुन्हा संपूर्ण सुरक्षित झाला आहे. यात खोटं काही नव्हतं. लेआउटमध्ये जो एक गुन्हेगार होता तो खरंच निघून गेला होता.

तो त्याच पहाटे बोडी वॉर्डात लटारूच्या घरी जागा झाला. सवयीने त्याने दुपट्टा गुंडाळला, मागून मिशीवाला बांधला, काठी घेतली. इथे ना नाला, ना झुडपं, ज्या बोडीवरून, म्हणजे छोट्या तळ्यावरून, वॉर्डाला नाव पडलं ती बुजूनही जमाना झाला होता, पण सवय अशी लगेच सुटत नाही. हात पाठीशी घेऊन देवाजी गल्लीत निघाले. नळाला पाणी आलं होतं. झाडू विकणारी मंगलीबाई नळाखाली पाण्याचा गुंड लावून बसली होती. देवाजी तिला ओलांडून पुढे गेले. त्यांना वाटलं, म्हातारी आता किंचाळेल.

"काय जी जवाई," मागून आवाज आला, "उलटे उलटे कुठी निघाले?"

देवाजी थांबले. एकदम भरून आलं त्यांना. कसंबसं म्हणाले, "फिराले जाऊन राह्यलो, बाई."

"मंग तोंड इकडं करून सांगा नं," मंगलीबाई म्हणाली. "त्या मिशीवाल्याशी कायले बोलाव मी?"

देवाजींनी मुखवटा सोडून काखेत मारला आणि ते नळाकडे वळले.